दुसऱ्याची लाईन

९ डिसेंबर २०२५, मंगळवार

येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर आज भरपूर दव होतं. पहिल्या ग्रीनवर आमच्या आधी कोणाचं पाऊल पडलेलं नव्हतं. आमच्यातल्या एकाने लांबून पट केला, म्हणजे चेंडू कपाच्या दिशेने हलकेच लोटला, आणि त्यामागे गडद हिरवी रेघ उमटत गेली. बरीच सरळ, मग कपाच्या हातभर अलीकडे डावीकडे वळलेली. एरवी नजरेला न सापडणारा उतार असा आखून मिळाला. ती रेघ पाहून आपला पट ठरवायला नियमाची आडकाठी नाही. आपल्या वाटेवरचं दव पुसायला मात्र आहे. पान, काडी, सुटी माती बाजूला करता येते, दव नाही.

सकाळी सावल्याही लांब पडतात. दुसऱ्याच्या लाईनवर, म्हणजे त्याच्या पटाच्या वाटेवर, सावली पडली म्हणून कोणी दंड लावत नाही, तरी जाणता खेळाडू उभं राहण्याआधी आपली सावली कुठे जाते ते बघतो. कपापलीकडचे दोन-तीन फूटही तो टाळून चालतो. पट हुकून पुढे गेला तर त्याच जागेवरून परत खेळायचं असतं.

११ डिसेंबर, गुरुवार

उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आदळला की खळगा पडतो, तो पिच मार्क. आमचे कॅडीदादा आज एका नवख्या पोराला तो बुजवायला शिकवत होते. पोरगा काटा खाली खुपसून माती वर उचकटत होता.

"वर नको काढू रे, मुळं तुटतात. कडेनं आत लोट."

दादांनी स्वतः करून दाखवलं. काटा खळग्याच्या काठाबाहेर तिरका रोवला, गवत मध्ये सारलं, जागा बदलून पुन्हा तेच. चारी बाजूंनी मिटत आणलं, वरून पटरच्या तळाने हलकेच दाबलं आणि तळहात फिरवून पाहिला. उचकटलेली जागा पिवळी पडते आणि भरायला कितीतरी दिवस घेते. अशी मिटवलेली लवकर सावरते. मग त्यांनी शेजारचा कोणाचा तरी जुना मार्कही बुजवला.

बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे मात्र २०१९ पर्यंत पट करण्याआधी आपल्या लाईनवर नीट करायची मुभा नव्हती. नव्या नियमांनी ती दिली, आणि हा बदल मला मनापासून पटतो. पुढच्याने पाय घासत जायचं आणि मागच्याने भोगायचं, यात न्याय नव्हताच.

१४ डिसेंबर, रविवार

आज स्ट्रोक प्ले होता, म्हणजे प्रत्येकाचे एकूण फटके मोजायचे. चौथ्या ग्रीनवर आमच्यातल्या कर्नलसाहेबांनी पटर टेकवला आणि लगेच मागे सरले. "चेंडू हलला. मला एक फटका धरा." आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ग्रीनवर चुकून हलला तर आता दंड नाही, मूळ जागी ठेवायचा आणि खेळायचं, हे त्यांना सांगावं लागलं.

ही सवलत यायला २०१६ ची यूएस ओपन बरीचशी कारणीभूत आहे. ओकमाँटला शेवटच्या फेरीत पाचव्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सनचा चेंडू किंचित हलला. आपण तो हलवला नाही, हे त्याचं म्हणणं जागेवरच्या पंचांनी मान्य केलं. बाराव्या टीवर मात्र त्याला सांगण्यात आलं की दंड लागू शकतो, फेरीनंतर बघू. म्हणजे उरलेला खेळ आपले फटके नेमके किती हे माहीत नसताना खेळायचा, आणि त्याच्या मागे असलेल्यांनीही! शेवटी एक फटका वाढलाच. तरी तो तीन फटक्यांनी जिंकला. १ जानेवारी २०१७ पासून स्थानिक नियम म्हणून सूट आली आणि २०१९ मध्ये ती मुख्य नियमांत बसली.

पुढे एका ग्रीनवर बरोबरच्या तरुणाने वीतभर अंतरावरचा चेंडू उचलून खिशात टाकला. "गिमी आहे की!" कर्नलसाहेबांनी त्याला थांबवलं. स्ट्रोक प्लेमध्ये गिमी, म्हणजे न खेळता सोडून दिलेला पट, नसते. मार्क न करता उचलला म्हणून एक फटका दंड, चेंडू परत त्या जागी ठेवायचा आणि कपात घालायचा. तसाच पुढच्या टीवरून खेळलास तर थेट बाद. पोराने तोंड पाडलं, पण केलं.

१५ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी कालच्या त्या तरुणाचाच फोन. "काका, मग निकलसने जॅकलिनला पट सोडला तो कसा चालला?"

तो मॅच प्ले होता. १९६९ चा रायडर कप, अमेरिका विरुद्ध ब्रिटन, रॉयल बर्कडेल, शेवटची मॅच, शेवटचं ग्रीन. टोनी जॅकलिनचा जेमतेम दोन-तीन फुटांचा पट उरला होता. जॅक निकलसने त्याचा मार्कर उचलून हातात दिला आणि सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. रायडर कपमधली ती पहिली बरोबरी. मॅच प्लेमध्ये समोर एकच प्रतिस्पर्धी असतो, म्हणून सोडलेल्या पटाचं नुकसान सोडणाऱ्याच्याच बाजूला येतं. स्ट्रोक प्लेमध्ये ते मैदानावरच्या सगळ्यांचं असतं, आणि त्यांच्या वतीने कोणी उदार होऊ शकत नाही.

अमेरिकेचे कप्तान सॅम स्नीड यांना ते रुचलं नव्हतं. मला निकलसचंच बरोबर वाटतं. बरोबरी झाली तरी कप आधीच्या विजेत्यांकडे, म्हणजे अमेरिकेकडेच राहणार होता. त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश ओपन जिंकलेल्या जॅकलिनला घरच्या प्रेक्षकांसमोर त्या दोन-तीन फुटांवर उभं करण्याचं काहीच कारण नव्हतं.