दुरुस्तीनंतर गाडीचा पंखा कुरकुरतो तेव्हा



गोठ्यातली म्हैस नेहमीपेक्षा वेगळी ओरडली, तर आपण हातातले काम टाकून उठतो. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला, तर पाणी तुटल्याचे बांधावरूनच कळते. पण नुकत्याच दुरुस्त केलेल्या गाडीने वेगळा आवाज काढला, तर आपण म्हणतो, "आत्ताच तर पैसे मोजून आणली, बसेल आपोआप." तो आपोआप बसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात उल्हासनगरातल्या एका गॅरेजात माझ्या गाडीचा रेडिएटर बदलला. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांची ही वसाहत. १९४९ साली तिला उल्हासनगर नाव मिळाले. गाडी घेऊन बदलापूरकडे निघालो. अंबरनाथच्या गर्दीत थांबलो की खर्र-खर्र आवाज येई. मोकळ्या रस्त्यावर तो थांबे. बदलापूरच्या अलीकडे सावलीत गाडी उभी केली, बॉनेट उघडले आणि लांबूनच कान दिला. पंखा फिरू लागला की आवाज येई, थांबला की बंद होई. अॅक्सिलरेटर दाबला तरी आवाज वाढेना. म्हणजे दोष इंजिनात नव्हता, पट्ट्यातही नव्हता, पंख्यापाशी होता.

हा तर्क समजून घ्या. ट्रॅक्टरला आणि जुन्या जीपला पंखा पट्ट्यावर चालतो. इंजिनाचा वेग वाढला की त्याचा आवाजही वाढतो. हल्लीच्या मोटारींत पंख्याला विजेची वेगळी मोटर असते. पाणी तापले किंवा एसी लावला की तो फिरतो, आणि कित्येक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ चालतो. तो बिघाड नव्हे. काही मोठ्या गाड्यांत क्लचचा पंखा असतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना तो मिनिटभर घोंघावून शांत झाला, तर काळजी नको. सतत घोंघावत राहिला, तर क्लच दाखवा.

हात घालण्यापूर्वी किल्ली काढा, इंजिन थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. विजेचा पंखा न सांगता सुरू होतो आणि बोटे नेतो. मग पाते हळूच फिरवा. एका जागी घासले, तर भोवतीचे प्लॅस्टिकचे कडे नीट बसलेले नाही, किंवा एखादी वायर, पाइप आत आला आहे. पंखा मागेपुढे डुगडुगला, तर बेअरिंग गेले. पट्ट्यावरचा पंखा डुगडुगला, तर वॉटर पंपाचे बेअरिंग तपासून घ्या. २६ जुलै २००५ चा आणि जुलै २०१९ चा उल्हास नदीचा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. पंख्याच्या मोटरीत असे पाणी शिरले तर बेअरिंग गंजून ती पुढे करकरू लागते.

पंखा धावतो पण गाडी तापते, असे झाले तर वायर उलट जोडली आहे का पाहा. पंखा सुरू असताना बाहेरून पुढच्या जाळीवर कागद धरा. रेडिएटर पुढे असलेल्या गाडीत तो जाळीला चिकटला पाहिजे. उडाला, तर वारा उलटा जातो आहे. आणि गार इंजिनातही पंखा जोरात फिरत राहिला, तर उष्णता मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग जोडायचा राहिला असेल.

माझ्या गाडीचे कडे एका बाजूने सुटे होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला भांडण न करता नेमके सांगितले: उभ्या गाडीत, पंखा सुरू असतानाच, डाव्या बाजूने. त्याने पाच मिनिटांत क्लिप बसवली, पैसे घेतले नाहीत. "गाडी कुरकुरते" एवढेच सांगितले असते, तर अर्धे इंजिन उघडले गेले असते.

दुर्लक्ष मात्र महागात पडते. घासणारे पाते तुटून रेडिएटर फोडते, पाणी जाते, इंजिन तापून हेड गॅस्केट उडते. पहाटे भाजी भरून कल्याणच्या बाजाराला निघालेली पिकअप रस्त्यात अडकली, तर माल आणि दुरुस्ती असा दुहेरी खर्च अंगावर येतो. काटा वर चढला, तर गाडी ताबडतोब थांबवा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. वाफेने तोंड भाजते.

मृगाआधी ट्रॅक्टर बाहेर काढाल, तेव्हा रेडिएटरच्या जाळीतला पेंढा आणि धूळ झाडा, पट्टा तपासा आणि सुरू केल्यावर दोन मिनिटे नुसते ऐका.