काट्याची पावती

तळहाताएवढा कागद. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून करकरत बाहेर येतो. वर पावती क्रमांक, खाली गाडी नंबर, माल, तारीख, वेळ आणि तीन वजनं: भरलेलं, रिकामं, निव्वळ. आमच्या मुकुटबन गावाकडं कापसाची गाडी असो की सिमेंटचा ट्रक, काटा झाल्याशिवाय व्यवहार पुढं सरकत नाही.

पावती स्वभावानं मितभाषी. पाऊस कसा झाला, वेचणीला किती मजुरी गेली, यातलं काही ती विचारत नाही. समजा, भरलेली गाडी 3,840 किलो, रिकामी 1,690. निव्वळ 2,150, म्हणजे साडेएकवीस क्विंटल. एवढंच ती सांगते, आणि तेवढ्यावर घरातल्या वर्षाचा हिशेब होतो.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परीक्षेला बसणाऱ्या इथल्या वाणिज्याच्या पोरापोरींना माहिती प्रणालीचा पेपर आला की धडकी भरते. गाइडातल्या व्याख्या रात्रभर घोकतात, सकाळी त्याच एकमेकींत मिसळतात. त्यांच्यासाठी या पावतीहून चांगला मास्तर मला माहीत नाही.

काट्याखालच्या लोडसेलनी दिलेला आकडा आणि ऑपरेटरनं टाकलेला गाडी नंबर हे इनपुट. वजाबाकी ही प्रक्रिया. पावती हे आउटपुट. संगणकात राहिलेली नोंद हा साठा. गाडीचं रिकामं वजन मागच्या खेपेशी जुळलं नाही आणि पुन्हा काटा केला, तर तो फीडबॅक. एक पावती म्हणजे एका व्यवहाराची नोंद. दिवसभराच्या पावत्यांची मालवार बेरीज व्यवस्थापकाच्या टेबलावर गेली की ती व्यवस्थापन माहिती प्रणाली. त्या बेरजांवरून पुढच्या आठवड्यात गोदामात किती जागा लागेल, हे ताडून पाहिलं की निर्णय सहाय्य प्रणाली.

प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणारी प्रायमरी की कोणती, या प्रश्नाला पुष्कळजण गाडी नंबर लिहितात. पण तीच गाडी दिवसातून तीनदा येते. पावती क्रमांक मात्र दुसऱ्यांदा येत नाही.

पावतीत एक उणीव आहे: जे भरवाल ते ती खरं मानते. भरलेल्या काट्याला ड्रायव्हर गाडीत बसलेला आणि रिकाम्या काट्याला चहाला उतरलेला, तर त्याचं वजन बिनबोभाट कापसात धरलं जातं. यंत्र चोख, सॉफ्टवेअर चोख, तरी आकडा चुकीचा. म्हणून हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि डेटा यांच्या जोडीला माणसं आणि कार्यपद्धती हेही प्रणालीचे घटक मानतात. पाठ केलेल्या यादीत हे दोन शब्द शेवटी येतात. काट्यावर मात्र पहिली चूक तिथंच होते.

तेव्हा पोरांनो, पेपरच्या आधी घरातली एखादी पावती शोधा, समोर ठेवा आणि प्रत्येक व्याख्येखाली तिचं उदाहरण स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. मग प्रश्न कसाही फिरवून विचारला, तरी उत्तर तुमचं असेल.