सातबाऱ्यावर पोटखराबा, सड्यावर देवभात

गणपती झाले, भात निसवायला लागलंय, जरा सवड मिळाली म्हणून ही नोंद. आज खाचरातल्या भाताबद्दल नाही, सड्यावरच्या तळीबद्दल लिहितोय.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. वाडी खाली, वर सडा. घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट जांभा कातळ. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. आणि जुलैत तिथंच गुडघाभर पाणी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कातळात जिथं जिथं खोलगट भाग आहे तिथं तो साठतो आणि दिवाळीच्या मागेपुढे आटतो. आमच्या सामायिक जागेत अशा दोन तळ्या आहेत, मोठी आणि धाकटी. सातबाऱ्यावर दोन्ही पोटखराबा. म्हणजे पिकाच्या उपयोगाची नाही अशी जमीन.

यंदा चिरेखाणवाला आला होता. मोठ्या तळीसकट कातळ हवाय त्याला. रक्कम बरी सांगतोय. मुंबईच्या दादाचा फोन आला, "अरे, त्या कातळावर गवत तरी धड उगवतं काय? सही करून टाकू." मी म्हटलं, "दादा, गणपतीला येशील तेव्हा बोलू."

मी लगेच हो का म्हटलं नाही, त्यामागे माझीच एक चूक आहे. ती आधी सांगतो.

2011 साली मी धाकटी तळी फोडली. काजूची कलमं लावायची होती. एका बाजूचा कातळ फोडून चर काढला, खड्डे मारले, विकतची माती भरली, वेंगुर्ला-4 ची चाळीस कलमं लावली. चरातून वरचं पाणी गेलं, पण तळाचं तसंच राहिलं, कारण चर तळापर्यंत गेलाच नव्हता. पावसात मुळं कुजली, जी वाचली ती एप्रिलच्या उन्हात गेली. आज अकरा झाडं उभी आहेत, तीही खुरटलेली. सड्यावर चरणारी गुरं दिवाळीपर्यंत धाकटीवर पाणी प्यायची, ती गणपतीनंतरच खाली उतरायला लागली. वाडीतली विहीरही अलीकडे लवकर खाली जाते, पण एका तळीमुळे असं झालं म्हणणार नाही. जांभा सच्छिद्र आहे, त्याच्याखाली चिकणमातीचा थर असतो, वरचं मुरलेलं पाणी त्या थरावरून डोंगराच्या कडेला झऱ्यातून बाहेर येतं. सडा जितकं पाणी धरेल तितकं खाली मिळणार, एवढं मात्र नक्की.

2019 ला मी तो चर दगड आणि खाचरातली चिकणमाती घालून बंद केला. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी दोन्ही तळ्यांवर जातो आणि वहीत लिहून ठेवतो. मोठीत जे दिसलं ते असं.

तळीत झाडं कुठंही उगवत नाहीत. पाण्याच्या खोलीप्रमाणे त्यांच्या पट्ट्या असतात, जसं आपण खोल खाचरात गरवं आणि वरकडला हळवं भात लावतो. मधोमध जास्त पाण्यात कुमुदिनी, पानं तरंगणारी. तिथंच वायतुऱ्याच्या कुळातली एक वनस्पती. कासच्या पठारावरच्या वायतुऱ्याला इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा तुरा येतो, त्यावरून ते नाव पडलं. ही त्याचीच कोकणातली भावंड. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, कंद मातीत झोपलेला असतो. त्याच्या बाहेर वीतभर पाण्यात देवभात. काठावर, जिथं पाणी कमीजास्त होतं, तिथं गेंद, पांढऱ्या बटणासारखी फुलं. आणि अगदी कडेला, इंचभर माती आणि सतत पाझर असतो तिथं सीतेची आसवं आणि दवबिंदू.

ही शेवटची दोन किडे खाणारी. का, ते शेतकऱ्याला चटकन कळेल. कातळावरची माती पाऊस धुऊन नेतो, नत्र टिकतच नाही. आपण युरिया टाकतो, ही किडे धरतात. दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब असतात, त्यात चिलट अडकतं. सीतेच्या आसवांचं फूल निळंजांभळं, नाजूक, पण खाली ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढते. म्हणून एक विनंती, सड्यावर खताचं पाणी जाऊ देऊ नका. तिथं खत पडलं की जोरकस गवत माजतं आणि ही बारकी मंडळी दबून जातात. माझ्या काजूच्या खड्ड्यांभोवती हेच झालं.

चर बंद केल्यावर धाकटीत पहिल्या वर्षी नुसतं पाणी आणि गवत. दुसऱ्या वर्षी काठाला गेंद आला, मग सीतेची आसवं. त्यांचं बी बारीक, मातीत पडून राहिलेलं असणार किंवा मोठीकडून आलं असेल. देवभात काही आपोआप आला नाही. मोठीतलं मूठभर बी मी टाकलं, तेव्हा उगवला. कंदवाली अजून आलेली नाही. मोडायला मला आठ दिवस लागले होते.

आता देवभाताचं. हा रानभात. दाण्याला लांब कुसळ, आणि पिकला की हात लावायच्या आत गळतो, म्हणून लोंब्या थोड्या आधीच बांधून ठेवाव्या लागतात. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, त्या दिवशी आई हाच शिजवते. तांबूस दाणा, चव मातकट गोड. एक सावधगिरी सांगतो, याचं बी खाली खाचरात आणू नका. आपल्या भाताशी संकर होतो, मग गळणारं भात निंदता निंदता जीव जातो. त्याची जागा वर आहे, तिथंच राहू दे.

पण त्याला कमी समजू नका. 1970 च्या सुमाराला आशियात ग्रासी स्टंट नावाचा विषाणू रोग भातावर आला, तुडतुडा पसरवायचा. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हजारो वाण तपासले, प्रतिकारशक्ती मिळाली ती आपल्या उत्तर प्रदेशातून गेलेल्या रानभाताच्या एका नमुन्यात. त्याचा अंश 1976 च्या आयआर 36 मध्ये आला, आणि तो वाण आशियाभर लाखो हेक्टरवर लावला गेला. तो नमुना जिथून घेतला ती जागाही कोणाच्या तरी कागदावर पोटखराबाच असेल.

चतुर्थीला दादा आला. दुसऱ्या दिवशी पंचमी. आईने वाटीभर देवभात काढला आणि म्हणाली, "एवढाच उरला. पुढच्या वर्षीचा कुठून आणणार ते दोघांनी ठरवा." आम्ही दोघं गप्प. जेवून दादाला सड्यावर नेला. मोठी तळी काठोकाठ भरलेली, काठाला गेंद फुललेला. दादा चप्पल काढून पाण्यात उतरला. लहानपणी आम्ही दोघं इथं म्हशी घेऊन यायचो. बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "धाकटीत काय लावलं होतंस रे?" मी सगळं सांगितलं, खर्चही सांगितला.

सही अजून झालेली नाही. "पोरीच्या लग्नाचं बघावं लागेल, दिवाळीपर्यंत थांबू," म्हणून दादा गेला. त्याची अडचण खोटी नाही. मी त्याला म्हटलंय, माझ्या वाट्याचा रस्त्याकडचा आंबा तू घे, तळी माझ्याकडे राहू दे. बघू काय म्हणतो.

तोवर मी लोंब्या बांधून ठेवतो. तुमच्या सड्यावर अशा तळ्या असतील तर एकदा गणपतीनंतर जाऊन बघा, आणि तुमच्याकडे या झाडांना काय म्हणतात ते जरूर कळवा.