कान झाकावेत की उघडे ठेवावेत?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि विषय काय, तर हेडफोन! ताई म्हणेल, याला दुसरे उद्योग नाहीत. पण गेले दोन महिने माझ्या डोक्यात (आणि डोक्यावर) हेच चाललंय, तेव्हा एकदाचं लिहून मोकळा होतो.

रात्री जेवणं आटोपली आणि बाबा त्यांच्या खोलीत आडवे झाले, की पुढचा दीड तास माझा. त्यात थोडा वेळ गेम. तोही काही जिवावर उदार होऊन खेळायचा नाही. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये शेतकरी कामाला लावायचे, नाहीतर गाड्या पळवायच्या. आणि मग झोप येईपर्यंत गाणं. मन्सूरअण्णा, किशोरीताई, मूड असला तर आरडी. जुन्या हेडफोनच्या पॅडचं रेक्झिन सोलपटून त्याचे काळे कपटे कानाला चिकटायला लागले, तेव्हा नवा घेतला. बिनवायरचा, कान पूर्ण झाकणारा, नॉइज कॅन्सलिंगवाला. बटण दाबलं की डोक्यावरचा पंखासुद्धा गायब! मी जाम खूश.

मग एका गुरुवारी (बायको माहेरी गेली होती) साडेअकराला पाणी प्यायला उठलो, तर बाबा पॅसेजमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले. बाथरूममधून येताना पाय घसरला होता. लागलं नव्हतं, पण एकट्याने उठता येत नव्हतं.

"अहो बाबा, कधीपासून बसलाय असे?"

"झाली असतील वीसेक मिनिटं. दोन-तीन हाका मारल्या. म्हटलं, गाणं चालू असेल तुझं."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं वाटलं असतं.

तो हेडफोन दुसऱ्याच दिवशी भाच्याला देऊन टाकला. त्या बिचाऱ्या वस्तूचा दोष काहीच नव्हता. तिने सांगितलेलं काम चोख केलं होतं. भाचा म्हणाला, "मामा, मग तू ओपन-बॅक घे ना." आणि माझा अभ्यास सुरू झाला.

तर मंडळी, हेडफोनची मुख्य घराणी दोन. पहिलं बंद पाठीचं. कानावरची वाटी बाहेरून पूर्ण बंद, त्यामुळे आतला आवाज आत आणि बाहेरचा बाहेर. ढोलकी, बेस यांना वजन चांगलं येतं. दुसरं उघड्या पाठीचं. याच्या वाटीला मागून जाळी असते. पडद्यामागचा आवाज आत आपटून परत न येता बाहेर निघून जातो, म्हणून गाणं डोक्याच्या आत कोंबल्यासारखं न वाटता आजूबाजूला पसरल्यासारखं वाटतं. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा पहिला उघड्या पाठीचा हेडफोन आणला, म्हणजे प्रकार तसा जुनाच. तोटे दोन. अगदी खालचा बेस जरा पातळ लागतो, आणि तुमचं गाणं शेजारच्यालाही ऐकू जातं. बस-लोकलमध्ये हा निरुपयोगी. पण मला नेमका हाच 'दोष' हवा होता. आवाज बाहेर जातो, तसा आतही येतो.

बाकी काही गोष्टी दुकानं फिरताना कळल्या. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा पोचतो. गाण्याला काही फरक पडत नाही, पण गेममध्ये तोफ आधी उडते आणि धडाम नंतर होतं! म्हणून वायर, नाहीतर स्वतःचा वेगळा डोंगल असलेला. खोक्यावरच्या '७.१ सराउंड'ला भुलू नये. कान दोनच आहेत, आणि आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे मेंदू दोन कानांमधल्या मिलिसेकंदापेक्षाही कमी फरकावरून आणि आवाजाच्या कमी-जास्तीवरून ओळखतो. चांगला स्टीरिओ पुरतो. ओहमचा आकडा बघावा. अडीचशे-तीनशे ओहमवाल्याला बहुधा वेगळा अँप लागतो, बत्तीसच्या आसपासचा लॅपटॉपवर मजेत वाजतो. आणि चष्मा घालूनच बघावा, निदान पंधरा-वीस मिनिटं. चष्म्याची काडी कानशिलाला टोचायला लागते, ती पाच मिनिटांनंतर. मखमली कापडाचे पॅड पुण्याच्या मे महिन्यात रेक्झिनपेक्षा खूपच सुसह्य.

शेवटी घेतला. वायरवाला, उघड्या पाठीचा, मखमली पॅडचा. मॉडेल मुद्दामच सांगत नाही, कारण तुमचं डोकं वेगळं आणि चष्माही वेगळा.

घरी आल्यावर परीक्षा. बाबांना म्हटलं, तुमच्या खोलीतून नेहमीसारखी हाक मारा. मी नेहमीसारखं गाणं लावलं. थोड्या वेळाने बाबा काठी टेकत दारात उभे.

"अरे, चार वेळा बोलावलं तुला."

मला एकही हाक ऐकू आली नव्हती! आवाज साठवर होता. पन्नासवर आणला, तरी नाही. चाळीसवर काहीतरी पुसटसं. पस्तीसवर आलो, तेव्हा स्पष्ट ऐकू आलं, "अरे, आता तरी?"

म्हणजे वाटी बंद की उघडी, हा प्रश्न अर्धाच होता. उरलेला अर्धा माझ्या बोटात होता. आणि कानातही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सांगतो की मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकावं, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०. वर्षानुवर्षं बाहेरच्या गोंगाटावर मात करायला मी आवाज चढवत आलोय. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तर हा मोह जास्तच, कारण रस्ताही आत येतो. म्हणून आता आधी खिडकी लावतो, आणि पस्तीसच्या वर जात नाही. पहिले चार दिवस फिकं वाटलं. मग कान सरावले.

ताईच्या सांगण्यावरून बाबांच्या उशाशी एक बेलही लावली आहे. ती त्यांनी अजून एकदाही वाजवलेली नाही. हाकच मारतात. पाणी दे, पंखा कमी कर, उद्या दूधवाला येणार आहे ना? पूर्वी या हाका मला व्यत्यय वाटायच्या, हे आज लिहून टाकतो.

परवा त्यांच्या कानावर हेडफोन चढवला आणि भीमसेनजींचा पूरिया लावला. सवाईला रात्र रात्र बसलेला माणूस. डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मी स्वयंपाकघरातून हळूच विचारलं, "बाबा, चहा टाकू का?"

डोळे न उघडताच म्हणाले, "टाक. साखर कमी."