अंगणभर सुबाभूळ

पहिला पाऊस झाला आणि अंगणातली माती दिसेनाशी झाली. पुण्यातल्या या जुन्या घरात आम्ही उन्हाळ्यात राहायला आलो, तेव्हा कुंपणालगतचं उंच, बिनकाट्याचं, पांढऱ्या गोंड्यांचं झाड मला आवडलं होतं. आता त्याच्याखाली, फरशीच्या फटीत, तुळशीच्या कट्ट्याशी, जिकडेतिकडे बारीक पानांची रोपं. यातलं ठेवायचं काय आणि उपटायचं काय? चिंच, गुलमोहर, शिरीष, मला सगळी सारखीच दिसत होती.

घरकामाला येणाऱ्या मावशी शेतावर वाढलेल्या. त्यांनी एका नजरेत सांगितलं, "ताई, ही सुबाभळ. नुसती खुडू नका, दुप्पट फुटंल." चिंचेच्या दांड्याला पानांच्या सरळ जोड्या असतात, सुबाभळीचा दांडा पुन्हा फाटे फुटून पसरतो. पण तिचं अगदी पहिलं पान एकेरीच येतं, त्यामुळे माझा गोंधळ संपेना. शेवटी पुढची पानं येईपर्यंत थांबायचं ठरवलं.

उपटायची वेळ वाफशाची. चिखलात रोप तुटतं, सुकल्या मातीत सोटमूळ हलत नाही. वाफसा असला की बोटभर रोप मुळासकट अलगद येतं. गुडघ्याएवढं झालं की पहार लागते. आधीच्या कुणी तोडलेल्या एका खुंटाला तर फुटव्यांचं बेटच झालंय.

मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची ही झाडं चारा आणि सरपणासाठी आपल्याकडे मुद्दाम लावली गेली. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' संस्थेने त्यांचा मोठा प्रसार केला. दुष्काळी भागात हिरवा पाला मिळणं ही लहान गोष्ट नव्हती, म्हणून मला या झाडाचा राग येत नाही. मावशीही पाला शेळ्यांना नेतात. घोड्या-गाढवांना मात्र तो बाधतो, त्यातल्या मिमोसिन या द्रव्याने केस गळतात. पण हेच झाड आज जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे, आणि त्याचं टणक बी मातीत वर्षानुवर्षं तग धरतं. म्हणजे पुढचे कित्येक पावसाळे हेच काम.

मोठ्या झाडाला हात लावता येत नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज दिलाय. तोवर हाती लागतील तेवढ्या शेंगा हिरव्या असतानाच आकडीने उतरवते आहे.