पद आणि काम

गेल्या वर्षीं आमच्या वर्गाच्या हस्तलिखित मासिकाचें संपादकपद आमच्याकडून काढून घेऊन एका सोबत्यास देण्यांत आलें. दोन वर्षें आम्हींच तें मासिक वाढविलें होतें. तेव्हां राग येऊन आम्ही त्याच्याकडे फिरकेनासे झालों. पद गेलें, आतां त्या कामाशीं आमचा काय संबंध, असें आम्ही चारचौघांत बोलूनही दाखवीत असूं.

याच सुमारास उद्योगपति जे. आर. डी. टाटा यांचें चरित्र आमच्या वाचनांत आलें. १९०४ सालीं पॅरिस येथें जन्मलेल्या या गृहस्थांनीं १९२९ मध्यें वैमानिकाचा परवाना मिळविला. हिंदुस्थानांत दिलेला तो पहिलाच परवाना होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादेवरून, ते स्वतः विमान चालवीत मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. १९३८ सालीं, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षीं, टाटा उद्योगसमूहाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. पोलादापासून विजेपर्यंत अनेक कारखान्यांचा भार शिरावर असतांही त्यांचा जीव गुंतला होता तो विमानांत. ८ जून १९४८ रोजीं त्यांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान मुंबईहून लंडनला निघालें; आणि पांचच वर्षांनीं, १९५३ सालीं, ती कंपनी सरकारनें ताब्यांत घेतली.

येथें आम्हीं पुस्तक मिटलें. त्यांच्या जागीं आम्ही असतों तर काय केलें असतें, हें सांगावयास नकोच! टाटांचा या योजनेस विरोध होता. तथापि सरकारनें विचारतांच नव्या महामंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं पत्करलें आणि सुमारें २५ वर्षें सांभाळलें. विमानांतील चहाचा रंगदेखील त्यांच्या टिपणांतून सुटत नसे.

आमच्या एका मित्रास हें सांगतां तो म्हणाला, "अरे, पण त्यांस खुर्ची तर मिळालीच होती!" आक्षेप खरा होता, व आम्ही निरुत्तर झालों. परंतु पुढें वाचूं लागतां उत्तर सांपडलें. १९७८ सालीं तेंही अध्यक्षपद सरकारनें काढून घेतलें. तरी १९८२ मध्यें, पहिल्या उड्डाणास ५० वर्षें झालीं तेव्हां, ७८ वर्षांच्या या वृद्धानें पुनः कराचीहून मुंबईस स्वतः विमान उडवीत आणलें. त्या वेळीं त्यांजजवळ विमानकंपनीची खुर्ची नव्हती. प्रेम मात्र होतें. १९९१ मध्यें उद्योगसमूहाची धुराही त्यांनीं रतन टाटांच्या हातीं दिली. १९९३ सालीं जिनीव्हा येथें त्यांचें देहावसान झालें. एअर इंडिया टाटांकडे परत आली ती २०२२ सालीं. तें पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही नव्या संपादकाकडे गेलों व भीत भीत विचारलें, "स्वच्छ प्रत करावयास कोणी हवें आहे काय?" त्यानें कांहींएक न बोलतां चार पानें पुढें केलीं. त्यांतील पहिला लेख त्याचाच होता, आणि तो आमच्या लेखांहून सरस होता, हें येथें कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे.