माळ्यावरचा फोटो

सेकंड इयरला कम्युनिकेशन स्किल्सच्या मॅडमनी फर्मान काढलं, "प्रत्येकाने एका जुन्या चित्रावर पाच मिनिटं बोलायचं. इंग्लिशमध्ये." आली का पंचाईत! आमची चित्रकला म्हणजे ड्रॉईंगच्या शीट्स, आणि त्यासुद्धा रात्री काचेखाली ट्यूब लावून जीटी मारलेल्या.

नेटवर शोधता शोधता एक चित्र सापडलं. 'द ऑनरेबल मिसेस ग्रॅहम'. थॉमस गेन्सबरो या इंग्लिश चित्रकाराने काढलेलं, १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलेलं. उंची सव्वादोन मीटरच्या वर. खांबाला टेकून उभी असलेली विशीतली तरुणी, हॅटवर शहामृगाची पिसं, झुळझुळीत झगा आणि नजर भलतीकडेच. नाव मेरी. लॉर्ड कॅथकार्ट या स्कॉटिश उमरावाची मुलगी. मला वाटलं, श्रीमंत बाईचा थाट, दुसरं काय! सोपं आहे म्हणून निवडलं.

पुढचं वाचलं आणि गप्पच झालो. मेरीचं १७७४ मध्ये थॉमस ग्रॅहमशी लग्न झालं. पुढे तिला क्षय झाला. हवापालटासाठी नवरा तिला दक्षिण फ्रान्सला घेऊन गेला. तिथेच १७९२ मध्ये, किनाऱ्याजवळ जहाजावर ती गेली. तेव्हा फ्रान्समध्ये क्रांतीची धामधूम. शव मायदेशी नेताना वाटेत तुलूझजवळ शवपेटी फोडून तपासण्यात आली. ग्रॅहमने घरी आल्यावर हे चित्र नजरेआड ठेवून दिलं. परत कधी बघितलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी हा माणूस लढाईवर गेला, जनरल झाला, १८११ मध्ये स्पेनमधली बारोसाची लढाई जिंकला. दुसरं लग्न केलं नाही. १८४३ मध्ये, ९५ वर्षांचा होऊन गेला. चित्र त्याच्यामागे बाहेर आलं आणि १८५९ मध्ये वारसाने एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीला दिलं.

मी बारावीत असताना आई गेली. मामाने तिचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला. बाबांनी तो भिंतीवर लावूच दिला नाही. चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. आत्या म्हणाली, "अरे दादा, हार घालायला तरी लाव." बाबा गप्प. पुढच्या आठवड्यापासून डबल ड्यूटी करायला लागले. मला राग आला. यांना काहीच कसं वाटत नाही? हॉस्टेलला आलो तो राग घेऊनच. फोनवर बोलणं म्हणजे मेसचे पैसे आणि परीक्षेची तारीख, बस्स.

प्रेझेंटेशनच्या दिवशी ग्रॅहमने चित्र ठेवून दिलं इथपर्यंत आलो आणि आवाजच फुटेना. मॅडमना वाटलं इंग्लिश अडलं. म्हणाल्या, "टेक युवर टाईम."

त्या रात्री बाबांना फोन केला.

"काय रे, पैसे संपले का?"

"नाही, सहज केला."

थोडा वेळ दोघंही गप्प. मग ते म्हणाले, "जेवलास का?"

हे आधी आई विचारायची.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा साफसफाईला माळ्यावर चढलो. फोटो तिथेच होता. चादरीवरची धूळ झटकली आणि होता तसा परत ठेवला. खाली शिडी धरून बाबा उभे होते. "सांभाळून उतर," एवढंच म्हणाले.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल